शंभर हर्ट्झ

पिसुर्ल्याच्या शेडमध्ये काजूगर पन्हळीवरून सुटतो,
उताराला लागलेल्या पोराच्या सायकलसारखा.
कॅमेऱ्यासमोर त्याला मिळतात चाळीस मायक्रोसेकंद,
मग आठ मिलिसेकंद हवेत.
तेवढ्यात मी ठरवायचं:
पांढरा, डागी, करपलेला, किडका.
मी म्हणजे मी नव्हे,
मी लिहून चिपमध्ये बसवलेलं काहीतरी,
ज्याला झोप नाही,
"थांब, बघतो" म्हणायची सोय नाही.
डागी असेल तर नळीतून हवेची टिचकी
आणि गर बाहेर.

दिवसभर सगळं नीट.
सातनंतर मशीन पिसाळायचं.
दुधासारखे गर टिचक्या खात
नाकारलेल्यांच्या टोपलीत, शंभरातले अकरा.
मालक कुडचडकर ती टोपली माझ्यापुढे ठेवून
एकेक गर खात उभे राहायचे,
काही न बोलता.

तीन रात्री मी चूक शोधली
जिथे मला चुका शोधता येतात तिथेच.
बफर पाहिला, एकही फ्रेम सांडलेली नाही.
घड्याळं जुळवली.
उंबरठा दोन अंश खाली, पुन्हा वर.
स्पेक्ट्रममध्ये एक सुळका होता, शंभर हर्ट्झवर,
देवळापुढच्या दीपस्तंभासारखा ताठ.
मोटरची घरघर असेल म्हणून
मी त्याच्यावर फिल्टर ओढला.
आलेखातून गेला.
टोपलीतून गेला नाही.

चौथ्या रात्री शेवंती गावस विसरलेला डबा न्यायला आली.
बावीस वर्षं गर निवडलेली बाई.
काजूच्या तेलाने बोटांची टोकं खाल्लेली,
अंगठ्याने तिचा मोबाइल उघडत नाही,
ठसा म्हणून काही उरलेलंच नाही.
पन्हळीपाशी थांबली,
उकडतंय म्हणून तोंडापुढे हात हलवला.
मग थबकली.
"बाबा, हें पळय."
पुन्हा हलवला.

हिरव्या काकणांची रांग
हवेत तुटक तुटक उमटली,
सहांची साठ,
मध्ये मध्ये काळोखाच्या फटी.

"ही ट्यूब धापा टाकते," ती म्हणाली.
"रातपाळीला आम्ही गर खाली ठेवूनच बघायचो.
हलता गर या उजेडात खोटं बोलतो."

मी वर पाहिलं.
चोवीस जुन्या ट्यूब, बारीक गुणगुणत,
सेकंदाला शंभर वेळा विझत, शंभर वेळा पेटत,
इतक्या शिस्तीत
की आयुष्यभर मला तो एकच उजेड वाटत आला.
कॅमेऱ्याला मात्र मी शिकवलं होतं
पापणीच्याही आतला क्षण बघायला.
तो खरं तेच सांगत होता:
या गरावर आत्ता अंधार आहे.
अंधार म्हणजे डाग,
हे त्याला मीच शिकवलेलं.

ट्यूब बंद केल्या.
यंत्राचा स्वतःचा तेवढा निळसर पांढरा पट्टा उरला.
गर पडत राहिले,
टिचकी क्वचित, हवी तिथेच,
दूर कुठेतरी कुणी सुपारी कातरावी तशी.
शेवंती डबा काखेत धरून जरा वेळ ऐकत राहिली.
"वासाचं काय करणार?" तिने विचारलं.
"खवट गर दिसायला गोराच असतो."
माझ्याकडे त्याचा सेन्सर नव्हता.

अहवालात लिहिलं:
कारण, बाहेरचा प्रकाश.
उपाय, पन्हळीवर काळं आवरण, नवे दिवे.
खर्च, अकरा हजार चारशे.
कुणाच्या लक्षात आलं, असा रकाना
आमच्या कंपनीच्या साच्यात नाही.
चौदा बायकांच्या जागी चार, हे मला लिहावं लागलं नाही.
ते कोटेशनमध्ये होतं,
पहिल्या पानावर, ठळक अक्षरात,
फायदे या मथळ्याखाली.

उसगावला घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता.
स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली उभा राहून
मी हात हलवला.
काही दिसेना.
जरा जोरात हलवला.
बायको दारात, अर्धवट झोपेत.
"टाटा कुणाला करतोयस?"